पर्यायी व्यक्ती

जानेवारीतल्या एका गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी,
सप्रे मॅडमनी मला भोसरीला बोलावून घेतलं.
शॉप बंद. प्रेस इतके गप्प
मी कधी ऐकले नव्हते.

म्हणाल्या, साथ येतेय.
चाकणला कुठल्याशा कंपनीत अख्खी सेकंड शिफ्ट खोकतेय.
आपण कागद तयार ठेवू.
कागद म्हणजे तक्ता: मशीन, माणूस,
आणि तिसरा रकाना, पर्यायी व्यक्ती.

एकवीस वर्षं मी माणसांच्या वेळा लिहिल्या.
माणूसच नसेल तर काय,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

वही घेऊन फिरलो.
चार नंबर प्रेसवर देविदास काळोखे.
मोल्ड उघडायची वेळ तो कानानं ओळखतो,
टायमर मागून वाजतो.
तुझ्या जागी कोण, विचारलं
तर हात पुसत म्हणाला, "मी कुठं चाललोय?"
ट्रिमिंगच्या बायकांनी एकमेकींची नावं दिली,
शेवटच्या रुक्साना तांबोळीनं पहिलीचंच सांगितलं,
म्हणजे एक आजारी पडली की फेर मोडला.
साहूनं गावाकडच्या भावाचं नाव लिहिलं,
फोन नंबरासकट.

बाकी तयारी झाली.
कॅन्टीनच्या एकाआड एक खुर्चीला पिवळी पट्टी,
गेटवर कपाळाला रोखायची बंदूक,
सॅनिटायझरचा वीस लिटरचा कॅन,
ज्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी उदबत्ती ओवाळली
आणि सेफ्टी ऑफिसर किंचाळत धावले.
अंगठ्याचं मशीन कापडानं झाकलं,
माळ्यावरून मस्टर खाली आलं, झुरळांसकट.
ठेकेदाराच्या माणसांचंही माझ्याकडेच.
माझं जुनं राज्य.

मग पोस्टर आलं.
ताप असेल तर घरीच राहा.
तुळसाबाई खिलारे त्याच्यासमोर उभी राहिली, हातात फडकं.
दर दोन तासांनी सगळ्या कड्या, बटणं, नळ, कठडे पुसायचे,
साथ अडवायची तर तिनंच, असं तक्त्यात होतं.
तिचं नाव नव्हतं. 'हाउसकीपिंग, एक' होतं.
"वाचून दाखवा," म्हणाली. दाखवलं.
"घरी राहिलं तर हजेरी?"
ठेक्यावरच्यांचं वेगळं असतं मावशी,
असं काहीतरी पुटपुटलो.
ती रागावली नाही.
पोस्टरची काच पुसून पुढे गेली.

साथ फेब्रुवारीत आली, सांगितल्यासारखी.
काळोखे पाच दिवस पडला,
टायमरच्या भरवशावर दोनशे गॅस्केट करपले.
मंगळवारी गेटवरच्या बंदुकीनं
तुळसाबाईच्या कपाळावर लाल आकडा दाखवला.
ती पार्किंगमधल्या नळाखाली कपाळ धरून
पुन्हा रांगेत आली.
पुन्हा लाल.
पाठमोरी जाताना मी तिला खिडकीतून पाहिलं,
चपला हातात घेतल्या होत्या, का ते कळलं नाही.

चार दिवस, मधला गुरुवार सोडून,
तिच्या नावापुढे मी 'ह' लिहिला, निळ्या शाईत.
आणि 'ह' लिहिलाय तर
कुणीतरी हजर असायला हवं ना,
म्हणून पहिली शिफ्ट यायच्या आत
कड्या पुसल्या.
सहासष्ट. मोजायची सवय जात नाही.
फिनेलनं दुसऱ्याच दिवशी बोटं सोलली.

मार्चमध्ये रिपोर्ट वर गेला:
हाउसकीपिंग, गैरहजेरी शून्य.
सप्रे मॅडमनी ती ओळ वाचली, माझ्या बोटांकडे पाहिलं,
आणि पान उलटलं.

मस्टर माळ्यावर गेलं.
मशीनवरचं कापड निघालं.
तुळसाबाईनं अंगठा टेकवला.
मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
पदराला पुसून टेकवला.
पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग तुंबली. कुणीतरी खोकलं,
सगळे वळून बघायला लागले.
तेवढ्यात तिनं कमरेचं फडकं काढलं
आणि आधी मशीनची काच पुसली.